निद्रा : देहाची रात्रपाळी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर, उपनगर कोणतेही घ्या; व्यापारी कुटुंबातील रात्रीचे चित्र बहुधा सारखेच असते. घरातील कर्ता पुरुष दुकान वाढवून, गाडी पकडून घरी पोहोचतो तेव्हा दहा वाजत आलेले असतात. त्यानंतर घरच्यांशी चार शब्द, राहिलेल्या वसुलीचे फोन, टीव्हीवरील बातम्या आणि हातातील मोबाइल. दिवा मालवेपर्यंत बारा-साडेबारा होतात. वडील जागे म्हणून मुलेही जागी. इकडे सकाळच्या सत्राची शाळा सात वाजता, म्हणजे घरातील माउलीचा गजर पाचला आणि मुलांचा साडेपाचला. पाच-साडेपाच तासांच्या झोपेवर सारे घर दिवसाला सामोरे जाते आणि कोणालाही त्यात काही चुकते आहे असे वाटत नाही. उलट “आम्हाला पाच तास पुरतात” हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते.

व्यापारी मनुष्य प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडतो. रोज आठ तास झोपणारा मनुष्य साठीला पोहोचतो तेव्हा त्याची वीस वर्षे झोपेत गेलेली असतात. वीस वर्षांचे भांडवल नुसते पडून राहिले, अशीच व्यापारी मनाची पहिली प्रतिक्रिया होते. म्हणूनच वेळेची कात्री लावायची झाली की ती सर्वप्रथम झोपेवर चालते. परंतु हे भांडवल खरोखरच पडून असते काय? त्या तासांत देहाच्या पेढीवर कोणते व्यवहार चालतात? प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

निद्रेचे स्वरूप

निद्रा म्हणजे मेंदूचे काम थांबणे, असा समज शतकानुशतके होता. हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद केली आणि झोपलेल्या मेंदूतही लहरी चालू असतात हे पुढे स्पष्ट झाले. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक अंतराने मिटल्या पापण्यांआड डोळ्यांची बुबुळे वेगाने हलू लागतात. त्या वेळी जागे केलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगतात. या अवस्थेला सोयीसाठी स्वप्ननिद्रा म्हणू.

रात्रभराची झोप ही एकसलग नसते. प्रथम हलकी झोप, मग जरा स्थिर, मग गाढ निद्रा आणि त्यानंतर स्वप्ननिद्रा असे एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचे असते. सात-आठ तासांत अशी चार-पाच आवर्तने होतात. मात्र सर्व आवर्तने सारखी नसतात. पूर्वरात्रीच्या आवर्तनांत गाढ निद्रेचा वाटा मोठा असतो, तर पहाटेच्या आवर्तनांत स्वप्ननिद्रेचा. त्यामुळे आठ तासांची झोप गजर लावून सहा तासांवर आणणाऱ्याची झोप पाव हिश्शाने कमी होते हे खरे, पण त्याच्या स्वप्ननिद्रेचा फार मोठा भाग त्या दोन तासांतच बुडतो. कापडाच्या ताग्याचे शेवटचे दोन मीटर कापले तर उरलेले कापड तसेच राहते. झोपेचे तसे नाही.

झोप का येते?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पेशींच्या इंधनात दडलेले आहे. जागेपणी मेंदूतील पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. जसजसा दिवस वाढतो तसतशी ही थकबाकी वाढते आणि डोळे जड होऊ लागतात. निद्रेत ती हळूहळू फिटते. चहा-कॉफीतील कॅफिन ही थकबाकी फेडत नाही. ॲडेनोसिन ज्या ठिकाणी जाऊन आपला निरोप देते ती जागा कॅफिन अडवून बसते, एवढेच. वसुलीला आलेल्या माणसाला दाराबाहेर उभे ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरापर्यंत अर्धामुर्धा शिल्लक असतो.

दुसरे कारण म्हणजे देहाचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. प्रकाश आणि अंधार यांवरून तो दिवस-रात्र ओळखतो. अंधार पडला की त्याच्या आदेशाने पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि साऱ्या देहाला रात्र झाल्याची वर्दी मिळते. परंतु घड्याळ फक्त मेंदूतच असते असे नाही. यकृत, स्वादुपिंड, हृदय, त्वचा यांच्या पेशीपेशींत स्वतःचे घड्याळ असते. एक विशिष्ट प्रथिन पेशीत रात्री साठते आणि दिवसा विरते. या चढउतारातून चोवीस तासांचा ताल निर्माण होतो. फळमाशीवर संशोधन करून ही रचना उलगडणारे जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

रात्री बारा वाजता प्रखर दिव्याखाली वा मोबाइलच्या उजेडात बसणारा मनुष्य आपल्या मेंदूतील घड्याळाला अजून दिवस असल्याचे भासवत असतो. त्याच वेळी त्याच्या यकृताची व स्वादुपिंडाची घड्याळे जेवणाच्या वेळांनुसार चालतात. एकाच पेढीत दोन वह्या वेगवेगळ्या तारखांच्या, असा घोटाळा त्यातून होतो.

पेशींमध्ये काय घडते?

गाढ निद्रा लागली की हृदयाचे ठोके मंदावतात आणि निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या तुलनेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला व रक्तवाहिन्यांना चोवीस तासांत मिळणारी ही खरी उसंत. याच सुमारास पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात रक्तात उतरते. मुलांची हाडे व स्नायू त्यामुळे वाढतात. मोठ्यांच्या देहात झिजलेल्या ऊतींची डागडुजी त्याच्या साह्याने होते. झोपेत मूल वाढते, हे आजीबाईंचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

चेतापेशींची कथा याहून विलक्षण आहे. जागेपणी काम करता करता पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या धाग्यांना सूक्ष्म तडे जातात. इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठातील संशोधकांनी झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या पिलांवर केलेले प्रयोग २०१९ व २०२१ साली प्रसिद्ध झाले. जागेपणी साठलेले हे तडे निद्रेत सांधले जातात. इतकेच नव्हे, तर तडे ओळखणारे एक प्रथिन स्वतःच मेंदूला झोपेचा इशारा देते, असे त्यांना आढळले. झोप ही दुरुस्तीसाठी पेशींनीच केलेली मागणी असावी, असे त्यावरून दिसते.

रोगप्रतिकारशक्तीचा हिशेबही निद्रेच्या वहीतच लिहिला जातो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या झोपेची आठवडाभर नोंद घेण्यात आली आणि नंतर त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडण्यात आला. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीपेक्षा जास्त आढळली.

मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या समाजाने आणखी एक प्रयोग विशेष ध्यानी घ्यावा. शिकागो विद्यापीठात अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू देण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातील साखर हटवण्याची त्यांच्या देहाची गती सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावली होती. त्यांनी मिठाई खाल्ली नव्हती, त्यांना कोणताही आजार नव्हता. आठवडाभराच्या जागरणानेच हे घडले. पुरेशी झोप मिळाल्यावर त्यांची प्रकृती पूर्ववत झाली. हीच स्थिती वर्षानुवर्षे टिकली तर काय होईल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

मेंदूमध्ये काय घडते?

दिवसभरात मेंदूत येणारी माहिती प्रथम हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरती ठेवली जाते. कच्च्या वहीत घाईघाईने केलेल्या नोंदींसारखे तिचे स्वरूप असते. गाढ निद्रेत हा भाग दिवसाच्या घटना पुन्हा उगाळतो आणि निवडक गोष्टी मेंदूच्या बाह्य थरात पक्क्या नोंदल्या जातात. रात्री उशिरापर्यंत घोकून पहाटे चारला पुन्हा पुस्तक उघडणारा विद्यार्थी कच्च्या वहीत नोंदी वाढवतो, परंतु पक्की वही लिहिण्याचा अवधीच तो मेंदूला देत नाही.

नोंदी पक्क्या करण्याइतकेच अनावश्यक नोंदी कमी करणेही आवश्यक असते. जागेपणी चेतापेशींमधील जोडण्या सतत बळकट होत राहतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जुलिओ टोनोनी व कियारा चिरेली यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार निद्रेत या जोडण्या पुन्हा आवरल्या जातात. उंदरांच्या मेंदूतील हजारो जोडण्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यांनी २०१७ साली दाखवले, की झोपेनंतर त्यांचा आकार सरासरी अठरा टक्क्यांनी लहान झालेला असतो. दुसऱ्या दिवशीचा माल ठेवायला मांडणीवर जागा करून ठेवण्याचाच हा प्रकार.

मेंदूच्या स्वच्छतेसंबंधीच्या संशोधनाने मात्र सर्वाधिक कुतूहल निर्माण केले. रोचेस्टर विद्यापीठातील माइकेन नेडरगार्ड यांच्या चमूने २०१३ साली जाहीर केले, की झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधील मोकळी जागा सुमारे साठ टक्क्यांनी वाढते आणि त्या वाटांनी मेंदूद्रव खेळून बीटा-अमायलॉइडसारखी टाकाऊ द्रव्ये वेगाने वाहून जातात. अल्झायमर या विस्मरणाच्या विकारात हेच द्रव्य मेंदूत साचलेले आढळते. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांना २०२४ साली उंदरांमध्येच याच्या उलट, म्हणजे निद्रेत हा निचरा मंदावल्याचे, दिसून आले. परंतु जागरणाचा परिणाम माणसांतही पाहिला गेला आहे. २०१८ साली अमेरिकेत वीस निरोगी व्यक्तींना एक रात्र जागे ठेवले असता त्यांच्या मेंदूतील बीटा-अमायलॉइड सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेले आढळले. कचरा नेमका कोणत्या वाटेने जातो हा वाद शास्त्रज्ञ मिटवतील. एका रात्रीच्या जागरणाने तो वाढतो हे ध्यानात ठेवण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

स्वप्ननिद्रेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कार्यरत असतो, पण हातापायांचे स्नायू सैल करून ठेवलेले असतात, जेणेकरून स्वप्नातील धावपळ अंथरुणात होऊ नये. ताणाच्या वेळी उसळणारे नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य या काळात मेंदूत अत्यल्प असते. मनाला लागलेल्या गोष्टी त्या शांत वातावरणात पुन्हा हाताळल्या जातात आणि त्यांची धार बोथट होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. रात्री संताप आणणारी उधारी सकाळी तेवढी भयंकर वाटत नाही, याचा अनुभव प्रत्येकाला असतो.

या सर्व व्यवहारांना उपनगरातील माणसाला रोजच्या परिचयाची उपमा द्यायची तर लोकल गाडीची देता येईल. रात्रीची शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली निघेपर्यंत मोजके दोन-तीन तास मिळतात. तेवढ्या वेळात रूळ तपासले जातात, ओव्हरहेड वायरची दुरुस्ती होते, कांदिवली आणि कुर्ल्याच्या कारशेडमध्ये डबे धुतले-पुसले जातात. प्रवाशांना गाड्या बंद दिसतात. प्रत्यक्षात तीच कामाची वेळ असते. हे तास मिळाले नाहीत तर एखाद्या सकाळी रुळाला तडा जातो आणि गर्दीच्या वेळी सारा मार्ग ठप्प होतो. पाच रात्री जागून रविवारी दुपारपर्यंत झोपणे म्हणजे आठवड्याचा मेगाब्लॉक. त्याने थोडी भरपाई होते, रोजच्या देखभालीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

मुंबईने दाखवलेली आकडेवारी

झोपेचे तास पुरेसे असूनही झोप अपुरी असू शकते. याचा पुरावा मुंबईतूनच मिळाला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. ६५८ जणांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली आणि त्यांपैकी २५० जणांच्या झोपेची घरीच रात्रभर तपासणी झाली. सुमारे १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा दोष आढळला. त्याबरोबरच दिवसा अनावर झोप येणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते. हे पुरुष आजारी म्हणून आले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. वाढलेले वजन, मानेचा मोठा घेर आणि मधुमेह यांच्याशी या दोषाचा ठळक संबंध दिसून आला.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच चक्र. रात्रभरात असे कित्येकदा घडते आणि सकाळी त्या माणसाला काहीही आठवत नाही. मघाशी वर्णिलेली रात्रपाळीची सारी कामे दर काही मिनिटांनी खंडित होतात. “किती गाढ झोपलेत, घोरताहेत” असे घरात कौतुकाने म्हटले जाते. परंतु मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखे दचकणे, आठ तासांनंतरही ताजेतवाने न वाटणे आणि दुकानातील गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागणे ही लक्षणे एकत्र दिसली तर ती कौतुकाची नव्हेत, तपासणीची बाब आहे. निदान झाल्यास वजन घटवणे, कुशीवर झोपणे, तसेच नाकावाटे हवेचा सौम्य दाब देणारे सीपॅप यंत्र असे परिणामकारक उपाय उपलब्ध आहेत. हा दोष स्वतःला कळत नाही. तो शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला कळतो. म्हणून येथे बसलेल्या भगिनींवर या बाबतीत मोठी जबाबदारी आहे.

मुलांची झोप

मोठ्यांनी स्वतःच्या झोपेचे काय करावे हे ते ठरवू शकतात. मुलांना तो अधिकार नसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि प्रौढांना किमान सात तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने केली आहे.

मुंबईकर मुलांच्या वाट्याला यात भूगोलाचीही अडचण येते. भारतीय प्रमाणवेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, सुमारे ७३ अंशांवर. मुंबईची सूर्याची वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे आहे. १९५५ पर्यंत या शहरात ‘बॉम्बे टाइम’ नावाची वेगळी वेळ चालत होती, हे वयोवृद्धांना आठवत असेल. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सातच्या शाळेतील मुले प्रार्थनेला उभी राहतात तेव्हा सूर्योदयही झालेला नसतो. संध्याकाळी सूर्य उशिरा मावळत असल्याने झोपेची वेळ पुढे सरकते, शाळेची मात्र सरकत नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतीय मुलांच्या दिनक्रमाचा अभ्यास करून दाखवले आहे, की जेथे सूर्यास्त एक तास उशिरा होतो तेथील मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते आणि त्याचा फटका त्यांच्या शिक्षणालाही बसतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वाचा फुटली ती डिसेंबर २०२३ मध्ये. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याने शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे जाहीरपणे सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवण्याचे ठरले. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या आणि पालकांची नोकरीची गडबड यांमुळे या निर्णयाला अडचणीही आल्या. पाचवीपासूनच्या मुलांना तर तो लागूच नाही. परंतु शाळा नऊची झाली म्हणून मूल रात्री अकराऐवजी साडेबाराला झोपणार असेल, तर शासनाने दिलेले दोन तास घरानेच परत हिरावले असे होईल. मुलाची झोपण्याची वेळ शासन ठरवू शकत नाही. ती घरातील दिवा कधी मालवतो यावर ठरते.

झोप हा हक्क

निद्रेची महती आता न्यायासनानेही मान्य केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये, दिल्लीच्या रामलीला मैदानावरील घटनेसंबंधीच्या निकालात, झोप हा जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे व न्या. मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठापुढे एका ६४ वर्षीय व्यक्तीची याचिका आली. तपास यंत्रणेने मध्यरात्र उलटून गेल्यावरही त्यांचा जबाब नोंदवणे चालू ठेवले होते. न्यायालयाने याचिका फेटाळली. तथापि झोप ही मूलभूत मानवी गरज आहे, ती हिरावल्याने माणसाचे आरोग्य व आकलनशक्ती बिघडते आणि जबाब योग्य वेळीच नोंदवले जावेत, असे बजावले.

जो हक्क तपास यंत्रणेने पाळावा असे न्यायालय म्हणते, तो शेजाऱ्यानेही पाळायला हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. लग्नाची वरात, गरबा, मिरवणूक, भक्तिसंध्या कोणाचीही असो, रात्री दहानंतर वाजणारा प्रत्येक ध्वनिक्षेपक आसपासच्या शेकडो घरांतील रुग्णांच्या, अर्भकांच्या आणि परीक्षार्थींच्या निद्रेत ढवळाढवळ करतो. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या समाजाने हा विचार सर्वांच्या आधी करावा, हे उचित होय.

निद्रा प्रमाद की गरज?

येथे एक शंका अनेकांच्या मनात आली असेल. जैन परंपरेत मद, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा असे पाच प्रमाद सांगितले आहेत. मग निद्रेचे एवढे समर्थन कशासाठी?

पूर्वाचार्यांनी निद्रेचा विचार किती बारकाईने केला होता हे प्रथम पाहावे. दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांत निद्रेचे पाच प्रकार येतात. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात त्यांची गणना आहे. कर्मग्रंथांत त्यांची लक्षणे दिली आहेत. सहज जाग येते ती निद्रा. महत्प्रयासाने जाग येते ती निद्रानिद्रा. बसल्या वा उभ्या जागी लागते ती प्रचला. चालता चालता लागते ती प्रचलाप्रचला. आणि जिच्या अमलाखाली मनुष्य दिवसा योजलेले काम झोपेतच उठून करतो ती स्त्यानगृद्धी. कर्मसिद्धांताचे प्रयोजन वेगळे आणि वैद्यकशास्त्राचे वेगळे, त्यामुळे दोहोंची गल्लत करू नये. तरीही सर्व निद्रा एकच नव्हे, हे निरीक्षण विद्युत लहरींची यंत्रे येण्याच्या कित्येक शतके आधीचे आहे, याची नोंद अवश्य घ्यावी.

साधू-साध्वींची अल्पनिद्रा त्यांच्या संपूर्ण साधनेचा भाग आहे. सूर्यास्तानंतर त्यांच्याकडे ना दिवा, ना आहार, ना व्यवहाराची चिंता. गृहस्थ मात्र झोप कमी करतो ती बहुतेक वेळा स्वाध्यायासाठी नव्हे. रात्री बारा वाजता मोबाइलवर इकडच्या तिकडच्या गोष्टी वाचणे ही विकथाच. निद्रा कमी करून विकथा वाढवणे म्हणजे एका प्रमादाच्या जागी दुसरा बसवणे. त्यात देहाचे नुकसान होते आणि आत्म्याचे कल्याणही होत नाही. शिवाय अपुरी झोप झालेला मनुष्य सकाळी सामायिकात बसला की तेथेच पेंगतो!

परंपरेतील एक व्रत मात्र निद्रेला थेट साह्यकारी आहे. चौविहार पाळणारा सूर्यास्तापूर्वी जेवतो. म्हणजे मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आधी आणि जुलैच्या प्रारंभी सव्वासातच्या सुमारास. या व्रताचा हेतू जीवरक्षा हा आहे. तथापि रात्री मेलॅटोनिन वाढू लागल्यावर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणे मंदावते आणि तेच अन्न रक्तात अधिक साखर चढवते, असे आधुनिक अभ्यासांतून दिसून आले आहे. रिकाम्या पोटी आडवे होणाऱ्याला आम्लपित्ताचा त्रासही कमी होतो. आजोबांनी धर्म म्हणून पाळलेली वेळ नातवाने आरोग्य म्हणून पाळली तरी त्यात तोटा नाही.

काय करावे?

उपाय साधे आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. झोपण्याची व उठण्याची वेळ रोज एकच असावी, रविवारीही. झोपण्यापूर्वी तासभर घरातील मोठे दिवे मंद करावेत आणि मोबाइल शयनगृहाबाहेर ठेवावा. चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी. सकाळी अर्धा तास उन्हात चालावे. मेंदूतील घड्याळ त्यानेच जुळते. दुपारची वामकुक्षी वीस-तीस मिनिटांचीच असावी. वाढत्या वयात झोप हलकी होते व वारंवार तुटते, पण तिची गरज संपते असे नाही. म्हणून ज्येष्ठांनी शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी परस्पर न घेता वैद्यकीय सल्ला घ्यावा. व्यापाऱ्यांनी वसुलीचे फोन रात्री नऊनंतर करू नयेत. समोरच्यालाही घर आहे.

संस्थेला आज पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत अनेक कार्यकर्त्यांनी रात्रीचा दिवस केला, हे आपण गौरवाने सांगतो आणि ते सांगायलाच हवे. पण ज्यांनी पन्नास वर्षे अखंड काम केले, त्यांच्या दिनक्रमाकडे पाहिले तर लवकर जेवणारी, वेळेवर निजणारी आणि ब्राह्ममुहूर्ती ताजेतवाने उठणारी माणसेच त्यांत अधिक आढळतील. पुढील पन्नास वर्षांचे काम ज्या मुलांच्या खांद्यावर आहे, त्यांतील काही आज या सभागृहात मागच्या रांगेत जांभया देत बसली आहेत. आता रात्रीचे नऊ वाजत आले आहेत. त्यांना घरी नेऊन वेळेवर निजवणे हीच या व्याख्यानाची खरी फलश्रुती ठरेल.